माळवद, पत्रा आणि फेसाची भिंत

वैशाखातील एखाद्या दुपारी, पारा ४० अंशांच्या पुढे सरकला असता, जालन्याच्या जुन्या वस्तीतील वाड्याच्या ढेलजेतून आत पाऊल टाकणाऱ्यास जो गारवा जाणवतो, तो कोणत्याही यंत्राने उत्पन्न केलेला नसतो. त्याच गल्लीत चार पावलांवर, पत्र्याखाली थाटलेल्या दुकानात बसलेला मनुष्य मात्र घामाने निथळत असतो. ऊन एकच, वारा एकच. मग हा भेद कोठून उत्पन्न झाला? याचे उत्तर भिंतीच्या बाहेरच्या रंगरूपात नाही, ते तिच्या पोटात आहे. भिंतीच्या व छपराच्या पोटात मनुष्याने काय भरले आणि ते का बदलले, हा घरबांधणीच्या इतिहासातील एक दुर्लक्षित भाग आहे, आणि मराठवाड्यात तर तो भाग जीवनमरणाचा ठरला आहे.

जालना जिल्हा हा जिल्हा म्हणून वयाने लहान. औरंगाबाद व परभणी या जुन्या जिल्ह्यांतील तालुके काढून १ मे १९८१ रोजी तो अस्तित्वात आला. परंतु तेथील घर मात्र फार जुने. खाली काळा कातळ, त्यावर काळी माती, मोठ्या इमारती लाकडाची टंचाई, पाऊस बेताचा आणि उन्हाळा दीर्घ, अशा प्रदेशात जे घर सुचावे तेच येथे सुचले, आणि ते म्हणजे माळवदाचे घर. त्याची भिंत दोन-अडीच हात रुंद. ती रुंद दिसते म्हणून सगळी दगडाची, असे मात्र कोणी समजू नये. बाहेरच्या बाजूस दगडाचा एक थर, आतल्या बाजूस दुसरा, आणि या दोहोंच्या मध्ये माती, कपच्या व गोटे यांचा भर. कोठे कोठे तर या रुंदीतच बळद काढून त्यात धान्य साठवीत. भिंतीवर लाकडी तुळया, तुळयांवर आडव्या दांडक्या व चिरफळ्या दाटीने मांडलेल्या, त्यांवर पालापाचोळ्याचा किंवा चिपाडांचा थर आणि त्यावर धुमसून, चोपून बसविलेली माती. उजेडासाठी व धूर जाण्यासाठी मध्येच एक साणे, आणि पाणी वाहून जाण्यासाठी कडेला पन्हळ. उन्हाळ्याच्या रात्री सारे घर या छपरावरच झोपावयास जाई.

माळवदावरची वरची माती साधी नव्हे. त्यासाठी पांढरी लागे. गावाची जमीन दोन प्रकारची, काळी आणि पांढरी. काळीत पीक पिकते व पांढरीत मनुष्य राहतो. पिढ्यानुपिढ्या घरे पडून, राख व शेण मिसळून, त्याच जागी पुन्हा घरे उभी राहून गावठाणाची जी भुरकट माती बनते, तिच्यातून पाणी लवकर झिरपत नाही, हे शेतकऱ्यास अनुभवाने ठाऊक होते. म्हणून तो ओसाड टेकाडे खणून ती माती आणी. येथे इतिहासाच्या अभ्यासकाने सुस्कारा सोडावा अशी एक गोष्ट आहे. याच जिल्ह्यातील भोकरदन, म्हणजे प्राचीन भोगवर्धन, येथे १९७३ साली उत्खनन झाले आणि सातवाहनकालीन नगराचे अवशेष हाती आले. अशी पुष्कळ पांढरीची टेकाडे दख्खनभर होती. त्यांतील कितीतरी प्राचीन वस्तू मात्र माळवदांच्या मातीबरोबर छपरांवर गेल्या असतील. एका पिढीचे घर मोडून दुसरीचे छप्पर होणे, हा पांढरीचा क्रमच होता.

आता या जाड मातीचे कार्य कसे चालते ते पाहिले पाहिजे, कारण त्याविषयी सुशिक्षितांतही एक गैरसमज आढळतो. माती उष्णता अडविते असे म्हटले जाते. वस्तुतः माती उष्णता अडवीत नाही, ती तिला खोळंबवून ठेवते. दुपारी बाहेरचा थर तापतो, ती ऊब हळूहळू आत सरकू लागते, आणि हातभर जाडीची माती ओलांडून खोलीत येईपर्यंत तिला आठ-दहा तास, कधी त्याहूनही अधिक वेळ लागतो. तोवर रात्र झालेली असते, बाहेरची हवा निवलेली असते, आणि माणसे माळवदावर गेलेली असतात. दिवसाची उधारी रात्री फेडावयाची, असा हा व्यवहार होय.

उष्णतेस खरोखर अडविणारी वस्तू वेगळीच आहे, आणि ती सर्वांत स्वस्त आहे. ती म्हणजे न हलणारी हवा. निश्चल हवेशी तुलना केली तर कोरडी माती वीस-पंचवीस पटींनी, दख्खनचा काळा दगड सुमारे साठ पटींनी आणि पोलाद सुमारे दोन हजार पटींनी अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. अट एवढीच, की हवा कोंडलेली असली पाहिजे. ती खेळू लागली की उष्णतेस पाठीवर घेऊन तीच हिंडू लागते. हवा लहान लहान कप्प्यांत बांधून ठेवण्याची ही युक्ती शेतकऱ्याच्या घरी पूर्वीपासून होती. गवताने शाकारलेले छप्पर, कडब्याचा आडोसा, तुराट्यांचा लिंपलेला कूड, ही सगळी तिचीच रूपे. ज्वारीचे धाट मोडून पाहणाऱ्या प्रत्येक मुलाने ती पाहिलेली असते. बाहेर कठीण, गुळगुळीत साल आणि आत पांढरे, हलके, सच्छिद्र भेंड. त्या सालीत व भेंडात मुले काड्या खुपसून बैलगाड्या करतात. एवढे उंच धाट कणसाचा भार तोलून वाऱ्यात उभे राहते ते भेंडाच्या बळावर नव्हे, सालीच्या बळावर. परंतु साल दोन्ही बाजूंनी एकमेकींपासून दूर धरण्याचे काम भेंड करते. भेंड काढून टाकले तर साल चेपते, साल काढली तर भेंड मोडते. आजच्या इमारतींतील संयुक्त तक्त्याचे सारे शास्त्र या एका धाटात सामावलेले आहे.

पत्र्याची कथा थोडक्यात सांगता येईल. लोखंडी पत्र्यास नागमोडी वळ्या पाडल्या असता तो पातळ राहूनही ताठ होतो, ही कल्पना हेन्री पामर या इंग्रज स्थापत्यज्ञाने १८२९ साली नोंदविली. निजामाच्या राज्यात हैदराबादहून मनमाडकडे जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाली आणि जालना तिच्या मार्गावरील व्यापाराचे ठाणे बनले. कापसाच्या कारखान्यांवर, गोदामांवर पत्रा चढला आणि पुढे कित्येक वर्षांनी तो घरांवर आला. त्याला दरवर्षी माती लागत नाही, तो गळत नाही, एका दिवसात बसतो, आणि गरिबास परवडतो. त्याच्याविषयी नाक मुरडणारे बहुधा त्याच्याखाली राहणारे नसतात, आणि ज्यास माळवदाची दुरुस्ती झेपत नाही त्याला दुसरा मार्गही नसतो. परंतु त्याच्या पोटात काही नाही. त्याला पोटच नाही. ऊन वरून पडले की क्षणात खाली उतरते.

माळवद मागे पडण्याचे एक कारण असे लाकडाची टंचाई व मेहनतीचा कंटाळा. दुसरे कारण भयंकर आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चार वाजण्याच्या सुमारास लातूर व तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, या जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी व आसपासची गावे जमीनदोस्त झाली आणि सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. धक्का जगातील मोठ्या भूकंपांच्या मानाने मध्यम प्रतीचा होता. मारले ते घरांनी. पडलेली घरे नेमकी वर वर्णिली तशीच होती, जशी जालन्यात, बीडमध्ये, परभणीत सर्वत्र होती. ज्या घराने दुपारच्या उन्हापासून राखावे, त्यानेच पहाटे गाडावे असे का झाले, याचा विचार तज्ज्ञांनी केला तेव्हा दोन दोष पुढे आले.

पहिला दोष भाराचा. माळवद गळू नये म्हणून दरवर्षी मृगापूर्वी त्यावर पांढरीचा नवा हात फिरवीत. जुना थर मात्र कोणी काढीत नसे. आजाने टाकलेल्या मातीवर बापाने टाकली, बापाच्या मातीवर मुलाने. वीतभर जाडीचे छप्पर काही पिढ्यांत हात-दीड हात जाड झाले. मातीचा एक फुटी थर धरला तरी दर चौरस मीटरास सुमारे पाचशे किलो वजन पडते. मध्यम खोलीच्या माथ्यावर पाच-सहा हजार किलो माती निजलेल्या माणसांवर टांगलेली होती. यात हयगय कोणाचीच नव्हती. ज्या कुटुंबाने घराची काळजी अधिक घेतली, त्याच्या डोक्यावरचा भार अधिक वाढला, ही या कथेतील सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट आहे.

दुसरा दोष भिंतीचा. तिचे बाहेरचे व आतले दगड एकमेकांत गुंतलेले नव्हते. दोन्ही थरांना आरपार सांधणारे लांब दगड ठिकठिकाणी घालणे हा चांगल्या गवंडीकामाचा नियम; तो खर्चापायी व घाईपायी सुटत गेला होता. धक्का बसताच मधला भर खाली बसला, त्याने दोन्ही थरांना बाहेर ढकलले, आणि भिंत कांद्याच्या पापुद्र्यासारखी उकलली. नंतरच्या वर्षांत उरलेली घरे बळकट करण्यासाठी जे उपाय सुचविण्यात आले ते या दोन दोषांवरच होते. छपरावरची माती कमी करावी. आणि भिंतीला आरपार भोके पाडून त्यांत सळईसह काँक्रीट भरावे, म्हणजे दोन थर एकमेकांस धरून राहतील. दोन थर आणि मध्ये भर, अशी कोणतीही भिंत असो, ती तिच्या सांध्याइतकीच विश्वासू असते. हे वाक्य पुढे फेसाच्या भिंतीलाही जसेच्या तसे लागू पडते.

भूकंपग्रस्त भागातील माणसे कित्येक महिने दगडी भिंतीखाली झोपण्यास धजत नव्हती. पत्रा डोक्यावर पडला तरी जीव वाचतो, हा विचार त्यांच्या मनात रुजला, आणि तो खोटा नव्हता. अशा रीतीने मराठवाड्यातील मनुष्य दोन संकटांमध्ये सापडला. जड छप्पर गार, पण जीवघेणे. हलके छप्पर सुरक्षित, पण भट्टीसारखे. हलके असूनही गार असे काही मिळेल काय, हा प्रश्न येथे उभा राहतो, आणि येथेच फेसाच्या इतिहासाकडे वळणे प्राप्त होते.

१९३७ साली जर्मनीत लेव्हरकुसेन येथे ऑटो बायर या रसायनशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी दोन द्रवांच्या संयोगातून पॉलियुरेथेन नावाचा पदार्थ सिद्ध केला. त्यांचा हेतू धागे व घन वस्तू बनविण्याचा होता. द्रवात पाण्याचा अंश राहिला की त्यातून वायू सुटे आणि तयार मालात बुडबुडे पडत. हे बुडबुडे प्रथम दोषच मानले गेले. परंतु बुडबुड्यांनी भरलेला तो निकामी तुकडा विलक्षण हलका व उष्णतेस दाद न देणारा आहे, हे ध्यानात आल्यावर दोष हाच गुण ठरला. त्याच सुमारास स्वीडन, अमेरिका व जर्मनी येथे पॉलिस्टायरीन फुगविण्याच्या पद्धती निघाल्या. त्यांपैकी एक पदार्थ महाराष्ट्रात घरोघरी थर्मोकोल या व्यापारी नावाने माहीत झाला. गणपतीच्या मखरामुळे त्याचा परिचय झाला, आणि २०१८ साली राज्य सरकारने त्याच्या ताटवाट्या व सजावट यांवर बंदी घातली.

कठीण साल व हलका गाभा यांचा संयोग मात्र प्रथम आकाशात उडाला. १९४० च्या नोव्हेंबरात इंग्लंडमध्ये मॉस्किटो नावाचे लढाऊ विमान प्रथम उडाले. त्याचे अंग प्लायवुडच्या दोन पातळ थरांत बाल्सा हे अत्यंत हलके लाकूड बसवून केले होते. धातूच्या टंचाईतून निघालेली ही युक्ती. युद्ध संपल्यावर ती घरांकडे आली. १९५२ साली अमेरिकेत मिडलंड गावी आल्डन डाउ या वास्तुविशारदाने फेसाचा गाभा असलेल्या तक्त्यांची घरे उभारली.

आज शीतगृहे, कारखाने, तात्पुरती दालने यांसाठी जे तक्ते वापरतात त्यांस कारागीर पफ पॅनेल म्हणतात. त्यांची घडण पाहण्यासारखी असते. रंगविलेले दोन पातळ पोलादी पत्रे समांतर धरतात आणि मध्ये दोन द्रवांचे मिश्रण सोडतात. काही क्षणांत ते दुधासारखे उतू येऊ लागते, मूळ आकाराच्या सुमारे पंचवीस पट फुगते, पोकळी भरून काढते, आणि घट्ट होता होता दोन्ही पत्र्यांस स्वतःच चिकटते. वेगळा डिंक लागत नाही. या चिकटण्यातच त्या तक्त्याचे बळ आहे. पत्र्यावर धूळ वा तेल राहिले, मिश्रणाचे प्रमाण चुकले, तर पत्रा गाभ्यापासून सुटतो आणि तक्ता निरुपयोगी होतो. किल्लारीच्या भिंतीत जो सांधा नव्हता, तोच येथेही नसतो.

जुळून आल्यास मात्र परिणाम आश्चर्यकारक असतो. पाच सेंटिमीटर जाडीचा असा तक्ता उष्णतेस जेवढा विरोध करतो, तेवढा करावयास मातीची भिंत मीटरभराहून जाड लागेल. त्याचे वजन मात्र चौरस मीटरास सुमारे दहा किलो. माळवदाचे पाचशे आणि याचे दहा! डोक्यावरच्या भाराची भीती आणि उन्हाचा ताप, दोन्ही एकाच वेळी दूर करणारी वस्तू मराठवाड्यासारख्या प्रदेशाला किती मोलाची आहे, हे या दोन आकड्यांवरून कळेल.

तथापि तिच्या गुणांनी दिपून जाऊ नये. फेस उष्णता अडवितो, पण साठवू शकत नाही. त्याच्या खोलीत स्वयंपाक झाला, माणसे जमली, दार उघडे राहून ऊन आत आले, की ती ऊब शोषून घेणारे आत काहीच नसते. खोली लवकर कोंदटते. म्हणून फेसाच्या छपराखाली भिंती किंवा जमीन तरी जड असावी आणि वारा वाहता असावा, हेच श्रेयस्कर. छप्पर हलके व भिंत जड, असा नव्याजुन्याचा मिलाफ येथील हवामानास अधिक मानवेल.

दुसरा धोका अग्नीचा. माती जळत नाही, फेस जळतो, आणि त्याचा धूर विषारी असतो. १४ जून २०१७ रोजी लंडनमधील ग्रेनफेल नावाच्या उंच इमारतीस आग लागून ७२ माणसे मेली. ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये पॉलिथिलीनचा गाभा असलेले तक्ते बाहेरून लावले होते; तोच आगीचा मुख्य आहार ठरला आणि त्यामागील फेसानेही हातभार लावला. त्या तक्त्यांचा हेतू इमारत ऊबदार व देखणी करावी हाच होता. जळत नाही असा गाभा हवा असेल तर दगडी लोकर उपलब्ध आहे. काळा कातळ वितळवून, साखरेचा कापूस काढतात तसे त्याचे तंतू काढले की ही लोकर होते. जो दगड घन असता उष्णतेस वाट देतो, तोच तंतूरूपाने हवा कोंडून तिला अडवितो. ती फेसाहून जड असते व तेवढाच रोध करावयास अधिक जाडी लागते. पण स्वयंपाकघरालगत, शाळेत, दवाखान्यात तिचाच गाभा असावा.

तिसरी गोष्ट बुडबुड्यांतील वायूची. फेस फुगविण्यासाठी अनेक वर्षे जे क्लोरीनयुक्त वायू वापरले, ते आकाशातील ओझोनचा थर खात होते. १९७४ साली मोलिना व रोलंड यांनी तो धोका सांगितला, १९८७ साली मॉन्ट्रिअल येथे जगातील राष्ट्रांनी करार केला, आणि भारताने या कामातील एचसीएफसी-१४१बी हे द्रव्य १ जानेवारी २०२० पासून बंद केले. आता त्या जागी सायक्लोपेंटेनसारखी द्रव्ये येत आहेत. ती ओझोनला धक्का लावीत नाहीत, पण ज्वालाग्राही असल्यामुळे कारखान्यात अधिक दक्षता लागते. आणि घर मोडल्यावर हा फेस पांढरीत मिसळून जात नाही, हेही सांगितले पाहिजे.

जालन्यात या साऱ्याची गरज आता कोणास आहे, असे विचारल्यास उत्तर थोडे अनपेक्षित आहे. हे शहर बियाण्यांसाठी आणि भंगार वितळवून सळया ओतणाऱ्या पोलाद कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. बियाण्याची उगवणशक्ती टिकावयास थंड व कोरडी कोठारे लागतातच. परंतु गेल्या काही वर्षांत जिल्ह्यातील शेतकरी तुती लावून रेशीम काढू लागले आहेत, आणि २०१८ साली जालन्यात रेशीमकोषांची बाजारपेठ सुरू झाली. रेशमाच्या अळीस २४ ते २८ अंशांच्या आसपासचे तापमान मानवते. ऊन त्याहून फार चढले की ती पाला सोडते, रोगास बळी पडते, आणि महिनाभराची मेहनत वाया जाते. संगोपनगृहावर पत्रा असला की चैत्र-वैशाखात त्याखाली अळी जगविणे हे मोठे संकट. तेथे शेतकरी पत्र्यावर पाचट व कडब्याचा जाड थर अंथरतात, वरून पाणी मारतात, आणि भिंतींच्या कडेने ओली पोती टांगतात. पावसाळा आला की ते पाचट कुजते, आणि पुढच्या उन्हाळ्यापूर्वी नवे आणावे लागते.